तीन बिअरी, एक नाक आणि लातूरचा रविवार

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते, की जून महिन्यातल्या एका रविवारी सकाळी लातूर शहराच्या एका गल्लीत जो धमाका झाला, तो भूकंप नव्हता. तो सिलिंडरही नव्हता आणि समोरच्या क्लासवाल्यांचा घातपातही नव्हता. त्या धमाक्याला तीन माणसं जबाबदार होती. एक मी. दुसरा रसायनशास्त्राचा मास्तर. आणि तिसरा असा, की ज्याने उभ्या आयुष्यात दारूचा थेंब जिभेला लावलेला नाही, आणि तरी मुख्य आरोपी तोच.

आता हे निवेदन करायला हरकत नाही. माझं कॉलेज नांदेडजवळ विष्णुपुरीला, मी तिथल्या वर्कशॉपमध्ये मुलांना कानस कशी धरायची ते शिकवतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्कशॉप बंद असतं आणि माझे हात रिकामे असतात. म्हणून मी बिअर करतो. कायद्याच्या पुस्तकात याला काय म्हणतात ते मी मुद्दाम वाचलेलं नाही. ज्वारी भिजवायची, मोड आणायचे, गच्चीवर वाळवायची, तव्यावर भाजायची, भरडायची, पाण्यात तासभर ऊन ठेवायची, गाळायची, उकळायची, गूळ घालायचा, निवली की बेकरीतून आणलेलं ईस्ट टाकायचं. पुढचं काम ईस्ट करतं, आपण फक्त बायकोच्या नजरेपासून डबा लपवायचा.

फक्त एक अडचण होती. माझी बिअर गोड व्हायची. लाजिरवाणी गोड. विष्णुपुरीच्या उन्हात ईस्ट अर्ध्या वाटेवरच थकून बसायचं आणि निम्मा गूळ तसाच राहायचा. एका मित्राने घोट घेऊन विचारलं होतं, "हिच्यावर तूप घालायचं का?"

माझा जुना दोस्त वसंत, म्हणजे तो मास्तर, लातूरला राहतो. तो जवाची बिअर करायचा आणि कडूपणासाठी त्यात काडेचिराईत घालायचा. ती इतकी कडू, की पहिल्या घोटाला माणूस जुनी पापं कबूल करायचा. त्याने आल्याचीही एक केली होती. ती पिऊन सर्दी जायची, पण मित्रही जायचे. फोनवर आम्ही एकमेकांना सल्ले द्यायचो आणि दोघंही आपापलं पातेलं तसंच बिघडवायचो.

मार्ग दाखवला मुख्तारभाईंनी. नांदेडच्या इतवाऱ्यात त्यांचं अत्तराचं दुकान आहे. आजोबांच्या आजोबांपासून हाच धंदा. गुलाबात थोडा खस, खसात चिमूटभर मातीचं अत्तर. हे लोक वासांची लग्नं लावतात. एकदा ते माझ्याकडे पंखा दुरुस्त करून घ्यायला आले आणि दारातच थांबले.

"अनंतराव, कोपऱ्यात काय ठेवलंय?"

मी सांगितलं. म्हटलं आता निघून जातील. ते डब्यापाशी उकिडवे बसले, झाकण किलकिलं केलं आणि डोळे मिटले.

"प्यायचं नाव काढू नका," ते म्हणाले, "हुंगायला कितीबी सांगा. ही बिचारी अकेली आहे. हिच्यात पाया आहे, छत नाही. हिला जोडीदार बघा."

अशा रीतीने माझी ज्वारीची बिअर लग्नाची झाली, आणि आम्ही तिला घेऊन लातूरला निघालो, स्थळ दाखवायला.

एसटीतला काढा

नांदेडहून लातूरला जाणारी एसटी आमच्या विष्णुपुरीवरूनच जाते. मुख्तारभाई नांदेडलाच बसले होते आणि त्यांनी रुमाल टाकून माझी जागा धरली होती. माझ्या मांडीवर दहा लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन. लोहा येईपर्यंत तो शहाण्यासारखा बसला. लोह्यानंतर रस्त्याने खड्डे दाखवायला सुरुवात केली आणि कॅन सुस्कारे सोडू लागला.

कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापाशी थांबला. "काय हाय त्यात?"

मुख्तारभाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खोटं बोलता येत नाही आणि मला खरं बोलायचा कंटाळा आहे.

"काढा," मी म्हणालो. "गुडघेदुखीचा."

हा माझा पहिला मूर्खपणा. कंडक्टरने माझ्या शेजारी बूड टेकलं, पँटचा पाय गुडघ्यापर्यंत वर सरकवला आणि म्हणाला, "दोन वर्सं झाली, हा डावा गुडगा लई तरास देऊन राह्यलाय. लावायचा का प्यायचा?"

"लावायचा!" मी घाईने ओरडलो.

मग काय, चालत्या एसटीत मी बुचाने बिअर काढून महाराष्ट्र राज्याच्या एका सेवकाच्या गुडघ्याला चोळली. मागच्या बाकावरची म्हातारी उठून आली, तिने दोन्ही कोपर पुढे केले. अहमदपूर येईपर्यंत मी पाच सांधे हाताळले. तिथे गाडी थांबली, आम्ही गरम सुशीला खाल्ला. पुण्याची माणसं या नावाची बाई शोधतात, म्हणून सांगतो: भिजवलेले चुरमुरे फोडणीत परतून वर दाण्याचं कूट घालतात, तो हा पदार्थ. परत गाडीत चढताना कंडक्टरने मला दरवाज्यातच गाठलं.

"काका, फरक हाय! गरम लागायलंय आतून."

"अजून आठ दिवस लावा," मुख्तारभाई माझ्या कानात पुटपुटले, "हेबी सांगून टाका. एवढं बोललात तर."

लातूर: मुलगा कितवीला?

आमच्या नांदेडला पाहुणा आला की विचारतात, "चहा घेणार ना?" लातूरला विचारतात, "मुलगा कितवीला?" स्टँडवर रिक्षावाल्याने विचारलं, पानवाल्याने विचारलं, आणि आम्ही ज्याला पत्ता विचारला त्या इस्त्रीवाल्याने तर मुख्तारभाईंना न्याहाळून "बायोलॉजी का मॅथ्स?" असंही विचारून घेतलं. मुख्तारभाईंना नातवंडं आहेत.

शहर पाट्यांनी भरलं होतं. विजेच्या खांबांवर, न्हाव्याच्या आरशावर, पिठाच्या गिरणीवर, जिथे जागा मिळेल तिथे चष्मेवाल्या मुलांचे फोटो आणि खाली त्यांचे मार्क. प्रत्येक घराच्या वर एक मजला चढत होता आणि प्रत्येक मजल्यावर खाटा पडत होत्या. दुपारी बाराला सायकलींना जेवणाचे डबे लटकवून माणसं निघत.

वसंताचा क्लास या सगळ्यात एका गल्लीच्या टोकाला, मैदानाच्या कडेला होता. दोन खोल्या आणि मागे प्रयोगशाळेची तिसरी. वर पत्रे. भूकंपात त्याच्या गावच्या घराच्या भिंती दुभंगल्या, तेव्हापासून हा माणूस स्लॅबखाली झोपत नाही आणि कुणाला बसवतही नाही. त्या वर्षी तो एक ट्रंक आणि वह्यांचा गठ्ठा घेऊन लातूरला आला आणि शिकवायला लागला. शिकवायचा सुरेख. पण मोठ्या क्लासांच्या बोर्डांवर फोटो होते, आणि याच्या बोर्डावर नुसतंच नाव.

"या वर्षी बारा पोरं आहेत," वसंत म्हणाला. "बारा पोरांवर क्लास चालत नाही. समोरच्या मोठ्या क्लासवाल्यांनी निरोप दिलाय, बंद करा आणि आमच्याकडे नोकरीला या. त्यांची छापील उत्तरं वाचून दाखवायची, बस."

"मग?"

"रविवारी औशाकडच्या एका गावचे पाटील येणारेत क्लास बघायला. त्यांच्या गावची अकरा मुलं यंदा लातूरला येतायत. पाटील ज्या क्लासवर बोट ठेवतील तिथं अकराच्या अकरा. आले तर क्लास राहिला. नाही तर सोमवारपासून मी नोकर."

वसंताची बायको, शैलावहिनी, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. त्यांनी कॅनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भावजी, रविवारी दुपारपर्यंत या घरात कसलाही वास यायला नको. नंतर तुम्ही त्यात पोहा."

आम्ही तिघांनी शपथेवर मान डोलावली. माझी मान सगळ्यात जोरात हलली.

मिलाव

गुरुवारी सकाळी वर्ग सुटल्यावर प्रयोगशाळेत बोलणी बसली. टेबलावर तीन चंचुपात्रं: माझी ज्वारीची, वसंताची जवाची, वसंताची आल्याची. मुख्तारभाईंनी हात धुतले, टोपी नीट केली आणि खिशातून कापूस काढला. अत्तरवाले काडीला कापूस गुंडाळून फाया करतात, तसे त्यांनी नऊ-दहा फाये केले. एकेक फाया बुडवायचा, नाकाखालून न्यायचा, हवेत हलवायचा, पुन्हा न्यायचा.

"जवाची खडूस आहे," त्यांनी निकाल दिला. "पण खानदानी. आल्याची भांडकुदळ. तिला घरात आणायची, पण तोंड उघडू द्यायचं नाही."

मग चमच्यांनी मोजणी सुरू झाली. ते हुंगून प्रमाण सांगायचे, वसंत मोजपात्रात मिसळायचा आणि आम्ही दोघं चव घ्यायचो. अर्धी ज्वारी, अर्धा जव: मारामारी. तीन भाग ज्वारी, एक भाग जव: पुन्हा तूप घालायची वेळ. आल्याची जरा जास्त पडली की बाकीच्या दोघी गायब. नवव्या खेपेला वसंत भावुक झाला आणि त्याने मला कॉलेजात माझी छत्री चोरल्याची कबुली दिली. ते काडेचिराईतामुळे असावं.

बाराव्या खेपेला मुख्तारभाईंनी डोळे मिटले. फाया नाकाखाली तसाच धरून म्हणाले, "तीन ज्वारीची, दोन जवाची, आणि आल्याचा फक्त अर्धा चमचा. चाखा."

आम्ही चाखली. काय सांगू! आधी भाजलेल्या ज्वारीचा खमंगपणा, भाकरीचा पापुद्रा मोडल्यावर येतो तसा. मग गूळ, पण लाजरा. तो गूळ जिभेवर बसतो न बसतो तोच मागून कडू येऊन त्याला उठवतो, आणि सगळ्यात शेवटी घशात आलं एक टिचकी मारून जातं. यातली एकही चव आमच्या कुणाच्या डब्यात नव्हती. वसंत माझ्या गळ्यात पडला. मुख्तारभाई आमच्या तोंडाकडे बघत होते, आणि थेंबही न घेता सगळ्यात जास्त त्यांनाच चढली होती.

"अभी नाही," ते म्हणाले. "अभी तिघी पाहुण्या आहेत. मिलाव केला की तोंड घट्ट बंद करायचं, हवा लागू द्यायची नाही, आणि तीन दिवस अंधारात झोपवायचं. मग एक होतात. आमच्यात असंच करतात."

आता पाहा. त्याच टेबलापाशी, त्याच सकाळी, वसंताने बारा मुलांना शिकवलं होतं की ईस्ट साखर खातं आणि वायू सोडतं. माझ्या बिअरमध्ये साखर उरलेली होती. त्याच्या बिअरमध्ये ईस्ट उपाशी बसलेलं होतं. दोघांची आम्ही नुकतीच गाठ घालून दिली होती. मी यंत्रांवर आयुष्य काढलेलं, दाब म्हणजे काय ते मला कळतं. पण समोर पाच पिढ्यांचा कसबी माणूस डोळे मिटून सांगत होता. आम्ही दोघंही म्हणालो, "वा! झोपवू या!"

औसा

घट्ट बंद करायला बाटल्या हव्यात. मुख्तारभाईंची बहीण औशाला दिलेली आहे, तिच्या घरी पूर्वी सोड्याचा कारखाना होता. तेव्हा दुपारी औसा. अर्ध्या तासाची वाट, बाजूला नांगरून ठेवलेली काळी रानं आणि गाडीभर लोक बाजाराच्या गप्पांत.

आपांनी, म्हणजे मुख्तारभाईंच्या बहिणीने, आम्हाला पाटावर बसवून खट्टी डाळ, ज्वारीची भाकरी आणि तळलेल्या मिरच्या वाढल्या. आमच्याकडे पाहुणा नको म्हणाला की दोनदा आग्रह करतात. आपांनी एकदाही केला नाही. त्या नुसत्या वाढत होत्या. जेवण झाल्यावर किल्ला बघायला जायचं ठरलं होतं, पण किल्ल्याच्या दारापर्यंत पोचून आम्ही सावलीत बसलो आणि तिथूनच त्याला भक्कम ठरवलं.

माळ्यावरून छत्तीस बाटल्या आणि झाकण दाबायचं हातयंत्र निघालं. आपांनी बाटल्या पुसता पुसता विचारलं, "भाईजान, ह्याच्यात काय भरणार?"

मुख्तारभाईंनी एक बाटली उजेडात धरली. "विज्ञान," ते म्हणाले. तेवढंच एक खोटं मी त्यांच्या तोंडून ऐकलं, आणि तेही धड खोटं नव्हतं.

संध्याकाळी छत्तीसच्या छत्तीस बाटल्या भरल्या. यंत्रावर मी बसलो होतो. एकेक झाकण असं आवळलं, की माझ्या वर्कशॉपमधल्या मुलांनी येऊन बघावं. मग प्रयोगशाळेतल्या लाकडी कपाटात त्यांना झोपवून दार ओढून घेतलं. शुक्रवार-शनिवार जूनचं ऊन पत्रा तापवत राहिलं.

रविवार

पाटील दहाला आले. पांढरंशुभ्र धोतर, हातात काठी, मागे सहा-सात पालक, आणि सगळ्यांच्या मागे डोक्यावर पदर घेतलेल्या पाटलीणबाई. पाटील पुढच्या बाकावर बसले. बाई शेवटच्या बाकावर बसल्या आणि भिंत, खिडकी, फळा, मुलांच्या चपला, सगळं सावकाश बघू लागल्या. मी आणि मुख्तारभाई कोपऱ्यात, सभ्य दिसण्याचा प्रयत्न करत.

वसंताने शिकवायला सुरुवात केली. काय शिकवत होता! अणूंची गोष्ट अशी, की पालकही तोंड उघडं टाकून ऐकत होते. पाटलांची काठी खाली आली, मान हलू लागली. मी मनातल्या मनात अकरा पोरं आत आणून बसवली.

तेवढ्यात मागच्या खोलीत ठक्क झालं.

मग धाड! मग धाड धाड, आणि कपाटाचं दार पत्र्याच्या भिंतीवर आदळलं. वरचे पत्रे थरथरले. फळा हलला.

इतरत्र कुठे असं झालं असतं तर लोकांनी "काय झालं?" विचारलं असतं. लातूरला कुणी विचारत नाही. पापणी लवायच्या आत सगळा वर्ग बाहेर मैदानात होता. बारा मुलं, पालक, समोरच्या बड्या क्लासची शेदोनशे पोरं, इस्त्रीवाला, गिरणीवाला. वसंत सगळ्यात शेवटी निघाला, बाक मोजत, कुणी मागे नाही ना ते बघत. सगळे पायाखालच्या जमिनीकडे बघत होते. पाटलांनी काठी जमिनीत रोवून धरली होती. पाटलीणबाईंनी एका अनोळखी मुलीला पोटाशी धरलं होतं आणि दोघींनाही ते कळलेलं नव्हतं. सात-आठ वर्षं झाली होती भूकंपाला. त्या क्षणी एकही झालेलं नव्हतं.

जमीन हलली नाही. त्याऐवजी क्लासच्या उंबऱ्यावरून पांढराशुभ्र फेस सावकाश बाहेर आला आणि पायरी उतरू लागला.

"हे काय?" पाटील म्हणाले.

वसंताचा चेहरा फळ्यासारखा कोरा. मैदानाच्या कोपऱ्यात शैलावहिनी, त्यांच्याकडे मी बघितलंच नाही. पण मित्र बुडत असताना मी गप्प बसणारा नव्हे. मी तीन नाटकांत राजा झालेलो आहे. मी पायरीवर चढलो, हात पसरला.

"सज्जनहो, घाबरू नका! आपण आत्ता पाहिलंत ते किण्वनाचं प्रात्यक्षिक! इतर क्लासांत हे पुस्तकात वाचतात. इथे ते विद्यार्थ्याच्या कानाला ऐकवलं जातं!"

कुणीतरी टाळी वाजवली. पालक एकमेकांकडे बघून माना डोलावू लागले. पाटील सावरले, म्हणाले, "हाव, प्रात्यक्षिक पायजेच. नुसतं घोकून काय व्हतंय?" वसंताच्या गालावर रंग परत आला. जिंकलो होतो आम्ही.

आणि दारातून मुख्तारभाई बाहेर आले. ते गर्दीबरोबर बाहेर पडले होते, पण सगळं ठीक आहे असं कळताच पुन्हा आत गेले होते. टोपीवर फेस, हातात एका फुटक्या बाटलीचा तळ, आणि चेहरा ईदचा.

"सर! अनंतराव! मुबारक हो!" ते शे-दोनशे लोकांसमोर ओरडले. "आत्ता एक झाली! काय बिअर झालीय म्हणून सांगू!"

वाऱ्याची झुळूक आली आणि भाजलेली ज्वारी, गूळ, आलं असा तो वास सबंध मैदानावरून फिरला.

मी दुसरा संवाद शोधत होतो. वसंताने मला हाताने बाजूला केलं.

"पाटील," तो म्हणाला, "ती बिअर आहे. आम्हीच केली. पोरांना त्याच्या आसपासही येऊ दिलेलं नाही. पण वर्गाच्या मागे ठेवली, ही चूक माझी. हे प्रात्यक्षिक नव्हतं. तुम्ही खुशाल दुसरीकडे जा."

पाटील वसंताकडे बघेनात, माझ्याकडेही बघेनात. त्यांनी मागे वळून बायकोकडे बघितलं. अकरा पोरं कुठे जाणार ते कोण ठरवतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

त्या अकरा मुलांचे प्रवेश त्याच दुपारी वसंताकडे झाले. हे आधीच सांगून टाकतो, कारण पाटलीणबाई जे बोलल्या त्यानंतर मला काही बोलायचं उरलेलं नाही. त्या मुलीला सोडून त्या पुढे आल्या. वाकून त्यांनी गवतातलं एक झाकण उचललं, मी आवळलेलं. ते बोटांत फिरवून बघितलं, वास घेतला, आणि भर मैदानात खणखणीत आवाजात म्हणाल्या:

"अवो सर, आंबायला ठेवलेल्याचं तोंड कुनी असं आवळतंय का? खरं बोलता म्हून पोरं तुमच्याकडंच ठेवते. पन तुमी तेवढं आठ दिस मह्या चुलीपाशी शिकाया या!"